पिशवी काढण्याआधी

दसरा सरला की पाथरी तालुक्यातल्या वस्त्यांतून ऊसतोडीचे ट्रक, ट्रॅक्टर भरू लागतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. भांडी, अंथरूण, लेकरं घेऊन पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात.

फडात बाईच्या दुखण्याला जागा नाही. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, वर मोळ्या उचलायच्या. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. गावी परतून दवाखान्यात जावं तर कधीकधी एकच सल्ला मिळतो : ‘पिशवी खराब झाली, काढून टाका. नाहीतर कॅन्सर होईल.’

गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात हे किती झालं, ते २०१९ साली उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे हे प्रमाण साधारण तीन आहे. मोजलं, म्हणून कळलं. त्याआधी या बाया कोणत्याच हिशेबात नव्हत्या.

कोणाच्या जिवाचा हिशेब ठेवायचा, कोणाचा नाही, हे सरकार ठरवतं. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. ते कायदा झालं नाही, पण आणीबाणीच्या त्या एका वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. तेव्हा लोकसंख्या कमी करायची म्हणून गरिबाच्या शरीरावर हात पडला. ऊसतोड बाईच्या बाबतीत उलट झालं : तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. भोगलं दोन्ही वेळा गरिबाच्याच शरीराने.

बाबासाहेबांची भूमिका वेगळी होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून सरकारनेही त्याचा भार उचलावा, असं त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. फडावरची बाई मात्र मुकादमाच्या वहीत असते, कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. म्हणून तिला आजही भरपगारी रजा मिळत नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू.

पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाने होतं आणि गोळ्यांनी बरं होतं. काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची गरज नसते. कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी मात्र ऑपरेशन लागू शकतं. तेव्हा घाबरून टाळू नका. पाळी कायमची गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

कमी वयात पिशवी काढली, त्यात अंडाशयही गेलं, की अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. काम तेच राहतं, अंगातलं बळ जातं.

कोणी ऑपरेशन सांगितलं तर आधी विचारा : आजाराचं नाव काय? सोनोग्राफी, पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? औषधाने भागणार नाही का? मग सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कागद वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नका. ऑपरेशन झालंच तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. अनावश्यक ऑपरेशनांवर देखरेख ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना दिला आहे. तक्रार करायची वेळ आली तर तो कागदच उपयोगी पडेल.

यंदा ट्रक येण्याआधी विहारात महिला मंडळाची बैठक घ्या. फडावर जाणाऱ्या बायांची यादी करा. ती घेऊन आशाताईंसोबत सरकारी रुग्णालयात जा, जाण्याआधी एक आणि परत आल्यावर एक, अशा दोन तपासण्या मागा. यादीत प्रत्येकीचं नाव आणि वय लिहा. एकही बाई सुटू देऊ नका.