बोटीच्या पोटातला नळ

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारी बंदीचे ६१ दिवस म्हणजे कोकणातल्या बोटींच्या डागडुजीचा हंगाम. शाकारून ठेवलेल्या बोटीच्या ताडपत्रीखाली शिरलं, इंजिनाशेजारची फळी उचलून आत हात घातला, की एक गार, हिरवट गंज चढलेली दांडी बोटांना लागते. हा सी-कॉक. समुद्राचं पाणी बोटीत घेणारा आणि वेळ आली तर तेच पाणी अडवणारा नळ. पहिलं काम तो हंगामभर करत असतो. दुसरं काम त्याला कुणी करायलाच लावत नाही, आणि तिथेच घात होतो.

इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं, आणि ते दर्यातूनच घ्यायचं. त्यासाठी पाण्याच्या रेषेखाली बोटीला मुद्दाम भोक पाडलेलं असतं. त्या भोकात धातूची फिटिंग, तिच्यावर हा कॉक, पुढे रबरी पाइप, गाळणी, पंप. इंजिनाची उष्णता घेऊन पाणी बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. त्या धारेवर जाणत्या खलाशाची सतत नजर असते. धार बारीक झाली, की कुठेतरी प्लॅस्टिकची पिशवी किंवा जेलीफिश तोंडाशी चिकटली, नाहीतर गाळणी तुंबली. मग गाळणी उघडायची. पण आधी कॉक बंद करायचा. दांडीला हात घातला आणि ती हललीच नाही, तर हे दुखणं पहिल्यांदा कळतं, तेही भर समुद्रात.

पाइप फुटला तर गोष्ट वेगळीच. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर एक इंचाचं भोक उघडं राहिलं, तर मिनिटाला पन्नास लिटरच्या वर पाणी आत येतं. म्हणजे दर पंधरा-सोळा सेकंदांना एक मोठी बादली. म्हणून प्रत्येक कॉकपाशी मऊ लाकडाचा निमुळता दट्ट्या दोरीने बांधून ठेवावा. पैसे फार लागत नाहीत, आणि अंधारात चाचपडून सापडतो.

कॉक जाम का होतो? सतत उघडा राहतो म्हणून. फटीत खार साचतो, ग्रीस धुऊन जातं, बाहेरून बार्नॅकलचं कवच आत वाढत येतं. जुन्या पद्धतीच्या कॉकमध्ये गनमेटलचा निमुळता कोन तशाच निमुळत्या खोबणीत बसतो. हल्ली बॉल व्हॉल्व्ह जास्त दिसतो, त्यात भोक पाडलेला गोळा फिरतो. दांडी पाइपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद.

त्यातून स्वस्त पिवळं पितळ असेल तर धोका दुप्पट. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा भुसभुशीत सांगाडा उरतो. वरून कॉक धडधाकट दिसतो. चाकूच्या टोकाने जरासं खरवडलं आणि पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला, तर त्याच्याशी झटापट करू नये. बोट वर असतानाच तो बदलावा. घरच्या नळाचा व्हॉल्व्ह स्वस्तात मिळाला म्हणून बोटीला बसवणं मला अक्षम्य वाटतं.

जाम कॉक दिसला की पहिली ओढ असते दांडीत लांब पाइप घालून जोर लावायची. बोट पाण्यात असताना हे कधीच करू नये. बॉल व्हॉल्व्हची बारीक दांडी पिळून तुटते, नाहीतर अख्खी फिटिंगच बोटीच्या अंगातून हलते. एकदा किनाऱ्यावरच्या बोटीत असाच जाम झालेला जुन्या पद्धतीचा कॉक सोडवताना एका वयस्कर फिटरमामांनी तरण्या पोराच्या हातातला पाइप काढून घेतला आणि म्हणाले, "घाई नको रे, तेल प्यायला रात्रभर दे त्याला."

सकाळी उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यांनी कॉकच्या अंगाभोवती गुंडाळलं. बाहेरचं अंग आधी तापून किंचित फुगतं, आतला कोन तेवढा फुगत नाही. कोन दाबून धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट थोडे सैल केले, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीने हलके टोले दिले. दांडी आधी केसभर हलली. मग मागे, पुढे, पुन्हा मागे. बोट किनाऱ्यावर होती म्हणून हे जमलं. पाण्यात पट्टी सैल केली असती तर तिथूनच पाणी उसळलं असतं.

कोन बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर एक खोल ओरखडा होता. मामांनी त्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली आणि खोबणीत बसवून अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे फिरवत राहिले. मग धुऊन, पुसून कोनावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा ओढल्या आणि एकदाच फिरवून काढला. दोन रेघा मधेच शाबूत राहिल्या होत्या, म्हणजे तिथे धातू धातूला टेकत नव्हता. पुन्हा पेस्ट. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या जायला दुपार झाली. शेवटी पाण्याने न धुपणारं घट्ट ग्रीस.

बॉल व्हॉल्व्हला एवढं कौतुक लागत नाही. बोट वर असताना बाहेरच्या तोंडातून काठीच्या टोकाने गोळ्याला ग्रीस लावायचं, आणि हंगामात महिन्यातून एकदा तरी दांडी पूर्ण बंद-उघड करायची. एवढंच.

बंदी उठली आणि बोट पाण्यात गेली. तांडेल वर उभा, पण ड्रायव्हरने इंजिनाला हात लावला नाही. तो फळी उचलून खाली वाकला, कॉक बंद केला, त्याच्याखालून कोरडं बोट फिरवून पाहिलं आणि ते उजेडात धरलं. मग दांडी सरळ केली आणि वर हाक दिली. इंजिन धडधडलं, आणि थोड्याच वेळात बाजूच्या भोकातून जाड धार खाडीत पडू लागली.