सर्वांच्या गळ्याला झेपणारी गाणी

तोक्योचा अकिहाबारा हा भाग विजेच्या उपकरणांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर, जेमतेम अडीचशे माणसं मावतील अशा नाट्यगृहात, ८ डिसेंबर २००५ रोजी मुलींच्या एका गटाने पहिला प्रयोग केला. तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते अवघे सात. गटाचं नाव होतं एकेबी४८. गीतकार-निर्माते यासुशी आकिमोतो यांची कल्पना साधी होती: जी रोज रंगमंचावर दिसते, जिला जाऊन भेटता येतं, अशी आयडॉल घडवायची. जपानमध्ये ‘आयडॉल’ म्हणजे कसलेली गायिका नव्हे. चाहत्यांच्या डोळ्यांदेखत शिकत, चुकत मोठी होणारी तरुण कलाकार. त्यामुळे या गाण्यांची आवाजाच्या तयारीवर परीक्षा घेतली, तर ती बहुतेकदा नापास होतील. माझ्या मते ही कसोटीच इथे गैरलागू आहे. या गटाची खरोखर सरस गाणी कोणती हे ठरवताना ‘ती कोण किती चांगलं गातं’ यापेक्षा ‘ती कोणाकोणाला गाता येतात’ हे पाहायला हवं. ती सामान्य माणसाने हातात घ्यावीत म्हणूनच घडवलेली आहेत, आणि तसं घडवणं हे अस्सल कारागिरीचं काम आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो खपाच्या आकड्यांवरून, आणि तो रास्त आहे. २०११ च्या मे महिन्यात आलेल्या ‘एव्हरीडे, काच्यूशा’ या सीडीच्या पहिल्याच आठवड्यात तेरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण त्या सीडीसोबत गटातल्या मुलींच्या क्रमवारीसाठी मत देण्याचा हक्क मिळत होता. इतर सीडींबरोबर आवडत्या मुलीशी हस्तांदोलन करण्याची चिठ्ठी मिळे. एकेक चाहता डझनांनी प्रती घेई. तेव्हा खपाचा आकडा पुरावा म्हणून बाजूलाच ठेवू. त्याऐवजी जिथे गाण्याच्या बदल्यात गाण्याखेरीज काहीच मिळत नाही, तिथे जाऊन पाहू. अशी जागा म्हणजे जपानमधली कराओके. कचेरी सुटल्यावर सहकारी, शाळा सुटल्यावर मैत्रिणी पैसे मोजून एखाद्या खोलीत बसतात आणि आपल्याच आवाजात गातात. ऑगस्ट २०१० मध्ये आलेलं, युको ओशिमाला मध्यभागी ठेवून केलेलं ‘हेवी रोटेशन’ तिथे वर्षानुवर्षं गायलं गेलं. रचनाकारांचं मानधन गोळा करणारी जॅसरॅक ही संस्था ज्या गाण्याला सर्वाधिक मानधन वाटलं गेलं त्याला दरवर्षी सुवर्ण पुरस्कार देते. २०१२ मध्ये तो ‘हेवी रोटेशन’ला मिळाला, म्हणजे गाणं बाजारात येऊन दीड वर्ष उलटून गेल्यावर.

ही किमया कशी साधते? एक कारण चालीत आहे. बरीचशी गाणी एकसुरात, अनेक गळ्यांनी मिळून गायलेली असतात, त्यामुळे आणखी एक आवाज मिसळला तर तो खटकत नाही. २००९ चं ‘रिव्हर’ हे या गटाचं ऑरिकॉन या जपानी संगीत-क्रमवारीच्या साप्ताहिक यादीत पहिलं आलेलं पहिलं गाणं. आडवी आलेली नदी ओलांडून जायचं, एवढाच त्याचा विषय. पण त्याचा ठेका कवायतीचा आहे, आणि कवायतीत एकट्याचा आवाज मोजला जात नाही. दुसरं कारण भाषेत आहे आणि मराठी वाचकाला ते चटकन उमगेल. आपला ‘मी’ बाईचाही असतो आणि पुरुषाचाही; भेद उघड होतो क्रियापदात, ‘मी निघालो’ आणि ‘मी निघाले’. जपानीत नेमकं उलट आहे. क्रियापदाला लिंग नाही, पण सर्वनामं वेगवेगळी. ‘बोकु’ हा सहसा मुलग्यांच्या तोंडचा ‘मी’. ‘हेवी रोटेशन’मध्ये, २००८ च्या ‘ओगोए डायमंड’मध्ये या मुली ‘बोकु’ म्हणून गातात. ऐकणाऱ्या मुलाला त्यात स्वतःचंच मन सापडतं, आणि गाणाऱ्या मुलीला स्वतःचं गुपित न उघडता प्रेमाबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. १९५८ साली जन्मलेल्या पुरुषाने लिहिलेले शब्द कोवळ्या मुलींच्या तोंडी घातले जातात, अशी टीका यावर होते आणि ती खोटी नाही. पण कराओकेच्या खोलीत गाणं पोचलं की लिहिणाऱ्याचा ताबा सुटतो. तिथला ‘मी’ ज्याच्या हातात माइक त्याचा.

याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे ऑगस्ट २०१३ चं ‘कोई सुरु फॉर्च्युन कुकी’. मध्यभागी होती रिनो साशिहारा. मी देखणी नाही, तो माझ्याकडे पाहत नाही, पण उद्याचं कोणी सांगावं, असं स्वतःला समजावणाऱ्या मुलीचं हे गाणं. चाल सत्तरच्या दशकातल्या डिस्कोची, घाई नसलेली. नृत्य बसवलं पापाया सुझुकी यांनी, आणि त्यांनी उड्या, गिरक्या जवळजवळ वगळल्याच. भाताचा गोळा वळावा तसे तळहात एकमेकांवर फिरवायचे, हात बाजूला न्यायचे, कंबर थोडी हलवायची. साठीच्या माणसालाही दोन-तीन वेळा पाहून जमेल असं. गंमत म्हणून नव्हे, तर मनापासून लोकांनी ते उचललं: कंपन्यांचे कर्मचारी, दुकानदार, अग्निशमन दलाचे जवान. कानागावा प्रांताच्या चित्रफितीत तर तिथले राज्यपालही नाचले. अशी चित्रफीत पाहताना नाचाची सफाई कोणी शोधत नाही. ठेका चुकलेला, हसत हसत पुन्हा सावरणारा माणूसच लक्षात राहतो, कारण गाण्यात त्याच्यासाठी जागा आधीच राखून ठेवलेली आहे.

हस्तांदोलनाच्या चिठ्ठीशी काडीचाही संबंध नसलेल्या श्रोत्यांपर्यंत पोचलेलं गाणं म्हणजे ‘३६५ निचि नो कामिहिकोकी’, वर्षभराचं कागदी विमान. एनएचके या जपानी दूरचित्रवाहिनीच्या ‘आसा गा किता’ या सकाळच्या मालिकेचं २०१५-१६ मधलं हे शीर्षकगीत. मालिका बेतली होती आसाको हिरोओका यांच्यावर: व्यापारी घराण्यातल्या या स्त्रीने बँक आणि विमा कंपनी उभारायला हातभार लावला आणि ती मुलींच्या विद्यापीठासाठी झटली. सायाका यामामोतोला मध्यभागी ठेवून, ‘हेवी रोटेशन’सारखा जल्लोष न करता शांतपणे गायलेलं हे गाणं रोज सकाळी घराघरांत वाजलं आणि शाळांतल्या समूहगायनातही गेलं. डिसेंबर २०१५ च्या सीडीवर ते मुख्य गाणं नव्हतंच. विक्रीच्या यंत्रणेने पुढे केलेलं गाणं मागे पडलं आणि लोकांनी दुसरंच निवडलं, हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत जड आहे. या गाण्यांमागच्या मुलींनी प्रेमात पडू नये अशी अपेक्षा असे. तो दंडक मोडल्याबद्दल २०१३ मध्ये एका सदस्येने डोकं भादरून कॅमेऱ्यासमोर माफी मागितली. २०१४ मध्ये इवाते प्रांतातल्या हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एका माणसाने दोन मुलींवर करवतीने हल्ला केला. गाणं चांगलं आहे म्हणून ही व्यवस्था माफ होत नाही. पण व्यवस्था वाईट म्हणून गाणं पोकळ ठरवणं म्हणजे त्या मुलींनी घाम गाळून केलेलं कामच नाकारणं. दोन्ही गोष्टी एकत्र मान्य करायला हव्यात.

या गाण्यांनी जपानची वेसही ओलांडली. जाकार्ताच्या जेकेटी४८ या भगिनी-गटाने ‘फॉर्च्युन कुकी’ इंडोनेशियन भाषेत गायलं, बँकॉकच्या बीएनके४८ ने ते थाई भाषेत गायलं आणि थायलंडमध्ये ते प्रचंड गाजलं. मुंबईसाठीही २०१७ मध्ये भगिनी-गटाची घोषणा झाली होती, पण जाकार्तासारखं मूळ इथे धरलं गेलं नाही. उद्या कोणी ‘हेवी रोटेशन’ मराठीत आणायचं ठरवलं, तर क्रियापदाशीच अडेल: ‘मी झुरतो’ की ‘मी झुरते’? जपानी मुलींनी एका सर्वनामात सहज उघडं ठेवलेलं दार आपल्या व्याकरणात कसं उघडं ठेवायचं, हे ज्याला सुचेल त्याला या गाण्यांचं मर्म कळलं असं समजावं.