बातमीतल्या बाईचं नाव

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून सात स्त्रिया निवडून आल्या, आणि त्या सातांपैकी तिघी जळगाव, रावेर आणि धुळे या शेजारशेजारच्या तीन मतदारसंघांतल्या आहेत. जळगावातून स्मिता वाघ, रावेरमधून रक्षा खडसे आणि धुळ्यातून डॉ. शोभा बच्छाव. दोघी एका पक्षाच्या, तिसरी त्याच्या विरोधातली. म्हणजे ही एखाद्या लाटेची करामत म्हणता येत नाही. त्याआधी १९६२ साली जळगावातून विधानसभेत गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांना पहिला प्रश्न पडला तो ‘राष्ट्रपती’ हा शब्द बाईला लावायचा कसा. त्या पदावर त्या काय करतील यापेक्षा त्यांना म्हणायचं काय, याचीच चर्चा काही दिवस रंगली. मला ती चर्चा क्षुल्लक वाटत नाही. बाई बातमीत येते तेव्हा तिला काय म्हणायचं, हा प्रश्न आपल्या माध्यमांना अजून सुटलेला नाही, आणि राष्ट्रपतिभवनातल्या बाईच्या बाबतीत तो उघड विचारला गेला, एवढाच फरक. खान्देशातल्या दैनिकांच्या आतल्या पानांवर रोज ज्या बाया येतात, त्यांच्या बाबतीत तो कुणी विचारत नाही. तिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं.

जळगाव किंवा धुळ्याच्या आवृत्तीचं कोणतंही गुन्हेवृत्ताचं पान घ्या. माहेरहून अमुक लाख रुपये आणावेत म्हणून विवाहितेचा छळ, पतीसह सासरच्या पाच जणांवर गुन्हा. रक्कम बदलते, तालुका बदलतो, कधी प्लॉट घेण्यासाठी, कधी चारचाकीसाठी, कधी धंद्याला भांडवल म्हणून, कधी नोकरी लावण्यासाठी. वाक्य बदलत नाही. हे वाक्य इतकं झिजलं आहे की आपण ते वाचत नाही, त्याच्यावरून नजर फिरवतो. एकदा थांबून त्याचे भाग पाहावेत. ‘विवाहिता’ हा पहिला भाग. ती शिकलेली आहे का, शेतात राबते की शिवणकाम करते की शाळेत शिकवते, हे मथळ्याला नको असतं. ती कुणाशी तरी लग्न झालेली आहे, एवढंच हवं असतं. मारहाण करणारा मात्र ‘विवाहित’ म्हणून कधी छापून येत नाही. दुसरा भाग ‘आणावेत म्हणून’. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. लग्नानंतर मागितलेली रक्कमही त्याच कायद्याने हुंडाच ठरते, पण बातमीतून ‘हुंडा’ हा शब्द हळूहळू निघून गेला आणि त्याच्या जागी ‘माहेरहून पैसे आणणे’ आलं. गुन्ह्याच्या नावाची जागा एका घरगुती कामाने घेतली, जणू तिने माहेरहून पापड-कुरडया आणायच्या तशी लाखाची रक्कम आणायची राहिली आहे.

आणखी एक ठरीव शब्दसमूह आहे: ‘जाचाला कंटाळून’. विष घेतलेल्या किंवा विहिरीत उडी टाकलेल्या बाईबद्दल तो हमखास येतो. माणूस उन्हाला कंटाळतो, वाट पाहून कंटाळतो. वर्षानुवर्षांची मारझोड, उपास, माहेरच्यांचा पाणउतारा हे सगळं ‘कंटाळा’ या एका शब्दात कसं मावतं? त्याहून गंभीर ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’. हे कारण कुठून येतं ते पाहावं. ते खून करणाऱ्याने पोलिसांना सांगितलेलं असतं, पोलिसांच्या पत्रकात येतं आणि तिथून मथळ्यात. म्हणजे जी बाई आता बोलू शकत नाही तिच्याबद्दल, तिला मारणाऱ्याचं म्हणणं बातमीचं पहिलं वाक्य होतं. वाचकाच्या मनात खुनाआधी संशय पोचतो, आणि एकदा पोचलेला संशय कोणताही निकाल पुसत नाही. स्त्रीवादी नजरेला काही वेगळा चष्मा लागतो असं नाही. या वाक्यात बोलतंय कोण, एवढं विचारलं तरी पुरतं.

यावर पत्रकारांचं म्हणणं खरं आहे आणि ते नीट ऐकलं पाहिजे. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतो, त्याच्या हाती पोलीस ठाण्यातली फिर्याद असते, जागा दहा ओळींची आणि वेळ संध्याकाळची. कायद्याची भाषा तो बदलू शकत नाही. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. हीच दैनिकं केळीचे आणि कपाशीचे भाव रोज देतात, गेल्या आठवड्याशी तुलना करून देतात, भाव पडला तर का पडला हे व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला, अभ्यासकाला विचारून देतात. पाठपुरावा करण्याची ताकद आणि सवय त्यांच्याकडे आहे. ‘विवाहितेच्या छळा’ची बातमी मात्र गुन्हा दाखल झाला की संपते. दोषारोपपत्र गेलं का, तडजोड झाली का, ती सासरी परतली की माहेरी राहिली, निकाल काय लागला, यातलं काहीच पुन्हा छापून येत नाही. सासरच्या छळाविरुद्धच्या कलम ४९८-अ च्या, आता भारतीय न्याय संहितेतल्या कलम ८५ च्या, खोट्या तक्रारी होतात हा आक्षेप चावडीपासून न्यायालयापर्यंत सगळीकडे आहे. २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटकेला आळा घातला तो त्याच चिंतेतून. पण तक्रारी खोट्या असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी तर निकालाच्या बातम्यांचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा. निकाल कुणी छापतच नाही, म्हणून खरी बाई खोटी ठरते आणि खोटा आळ आलेला माणूसही सुटत नाही.

नावाचा प्रश्न जळगावला सर्वांत महागात पडला तो १९९४ साली. तरुण मुली आणि स्त्रियांची छायाचित्रं घेऊन, ती उघड करण्याची धमकी देऊन त्यांचं लैंगिक शोषण होत असल्याचं तेव्हा बाहेर आलं. मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्यासारख्या पोलीस अधिकाऱ्याने तपासात काम केलं, विशेष न्यायालय नेमलं गेलं, तिथे मृदुला भाटकर न्यायाधीश होत्या. हे धमकावणी, खंडणी आणि बलात्काराचं प्रकरण होतं. माध्यमांनी त्याला नाव दिलं ‘जळगाव वासनाकांड’. वासना ही भावना आहे, गुन्हा नव्हे. शिवाय ती दोन्ही बाजूंना असू शकते, असा अर्थ त्या शब्दातून आपोआप झिरपतो. आणि पुढे जळगाव हे गावाचं नाव जोडलेलं. आरोपींची नावं लोक विसरले, गाव राहिलं, आणि गावाच्या नावाखाली त्या गावातली प्रत्येक मुलगी आली. मुलींच्या स्थळांवर त्याचा परिणाम झाल्याची चर्चा तेव्हा उघड होत होती. बहुतेक पीडित स्त्रिया तक्रार द्यायला पुढे आल्याच नाहीत. त्याला भीतीची अनेक कारणं होती, पण ज्या प्रकरणाच्या नावातच ‘वासना’ आहे त्यात साक्षीदार म्हणून उभं राहणं म्हणजे काय, हे एकदा कल्पून पाहावं. पीडितेची ओळख उघड करू नये हा नियम १९८३ पासून कायद्यात आहे, आणि २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक कडक केला. कायदा नाव लपवू शकतो. प्रकरणाला कोणतं नाव द्यायचं ते मात्र संपादकाच्या हातात असतं.

तीस वर्षांनंतर शब्द बदलला, खोड तीच राहिली. एप्रिल २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात एका निवृत्त जवानाने स्वतःच्या मुलीला गोळी घालून मारलं आणि जावयाला जखमी केलं, कारण तिने मनाप्रमाणे लग्न केलं होतं. अशा प्रत्येक हत्येला आता ‘सैराट’ म्हणण्याची रीत पडली आहे. नागराज मंजुळे यांचा चित्रपट २०१६ चा. त्याने जातीच्या हिंसेकडे बघायला लावलं हे त्याचं श्रेय. पण मथळ्यात तो शब्द काय करतो? सैराट होतात ते प्रेम करणारे. बंदूक चालवणारा सैराट नसतो. म्हणजे खुनाच्या बातमीला नाव मिळतं ते मारल्या गेलेल्यांच्या वागण्यावरून. याला मुलीची हत्या म्हणावं, जातीसाठी किंवा प्रतिष्ठेसाठी केलेली हत्या म्हणावं. दोन्ही शब्द मथळ्यात बसतात.

आता आणखी एक बातमी, जिच्याकडे विनोद म्हणून पाहिलं जातं. लग्नानंतर चार दिवसांत नवरी दागिने घेऊन पसार. मुलाचं लग्न जमत नाही, मध्यस्थ भेटतो, लाख-दीड लाख घेतो, दूरच्या जिल्ह्यातली किंवा दुसऱ्या राज्यातली मुलगी आणतो, घाईत लग्न लागतं आणि एका रात्री ती निघून जाते. या बातमीत फसवलं गेलेलं कुटुंब असतं, टोळी असते, ‘लुटारू नवरी’ असते. पैसे मोजून बाई आणली, ही गोष्ट मात्र तपशील म्हणून येते, गुन्हा किंवा प्रश्न म्हणून नाही. ती मुलगी टोळीत स्वखुशीने आहे की तिलाही कुणी असंच फिरवतंय, हे विचारलं जात नाही. आणि मुलगी मिळेना हे दुखणं आलं कुठून? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. राज्याचं प्रमाण होतं ८९४. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, तरी हा आकडा आला. त्या वर्षांत न जन्मलेल्या मुली आज वयात आल्या असत्या. ‘नवरी पसार’ ही ८४२ या आकड्याची पुढची बातमी आहे, पण दोन्ही कधी एका पानावर येत नाहीत. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की मुली वाचवण्याच्या मोहिमेनेही सून कुठून आणाल, असाच प्रश्न वर्षानुवर्षं विचारला. मुलीने जगावं ते कुणाच्या तरी मुलाला बायको मिळावी म्हणून! सरकारी भिंतींवर रंगवलेलं ते वाक्य आणि ‘विवाहिता’ हा मथळा एकाच विचारातून आले आहेत.

गुन्ह्यांच्या बातम्यांबाहेरही हेच होतं. खान्देशात कपाशीची वेचणी चालू झाली की मजुरांअभावी वेचणी रखडली, मजुरी वाढल्याने शेतकरी अडचणीत, या बातम्या येतात. वेचणारे हात बहुतेक बायांचे असतात. पहाटे घरचं उरकून त्या निघतात, किलोवर पैसे मिळतात, बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं ओरखडतात. बातमीत त्या ‘मजूर’ या लिंग नसलेल्या शब्दात आणि खर्चाच्या रकान्यात असतात. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. भाव पडलेल्या वर्षी वेचणीचा दर त्याला जड जातोच. पण दर किलोला किती, यावर वेचणाऱ्या बाईला काय वाटतं, हे विचारायला त्याच शेतात उभ्या असलेल्या वार्ताहराला चार पावलंही जास्त चालावं लागत नाही.

असली टीका पुण्या-मुंबईहून आयात केलेली आहे, खान्देशाच्या मातीतली नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठवावी. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधले जातात, आणि गाण्यांमधून सासरचा सगळा हिशेब मांडला जातो. भाद्रपदात गुलाबाई बसली की पोरीसोरी महिनाभर सासू-सासरे, नणंद, दीर, माहेरची वाट हेच गातात. ही बायांची वार्तापत्रंच होती, आणि त्यांत बोलणारी ‘विवाहिता’ नव्हती, ‘मी’ होती. १९७० च्या दशकात शहाद्यात, जे तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायांनी दारूचे गुत्ते गाठून मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. भारतातल्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याचं नाव त्यामुळे आहे. दारूचा मारहाणीशी काय संबंध आहे, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

आणि जळगावला तर छापील शब्दाची मोठी परंपरा आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली इथून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेलं मासिक सुरू केलं आणि ते जवळपास अर्धशतक चाललं. १९०७ चं कविसंमेलन इथेच भरलं. त्यात धरणगावच्या ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. त्या वर्षी आसोद्याची एक लेक, बहिणाबाई चौधरी, लग्न होऊन जळगावात आलेली, सत्तावीस वर्षांची होती. शेतात आणि जात्यावर तिची गाणी चालली होती. मासिक त्याच गावात छापलं जात होतं, आणि ती गाणी तिथवर पोचली नाहीत. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी काही टिपून ठेवली म्हणून ती उरली, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं १९५२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. फडणिसांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्या काळात कविता कुठे असते याची एक ठरलेली कल्पना होती आणि जातं तिच्यात बसत नव्हतं. आज इथलं विद्यापीठ तिच्या नावाने आहे, तरी तिच्याबद्दलचा लेख अजून ‘निरक्षर असूनही’ या शब्दांनीच सुरू होतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली आणि स्त्रियांबद्दलचे कोणते शब्द निकालपत्रात टाळावेत, त्यांऐवजी कोणते वापरावेत, हे सांगितलं. ज्या न्यायव्यवस्थेची भाषा दगडी समजली जाते तिला हे जमतं, तर जिल्हा आवृत्तीला जमायला हरकत नसावी. जळगाव आणि धुळ्याच्या संपादकांकडे माझं मागणं तर त्याहून साधं आहे. महिन्यातून एकदा अर्धं पान द्यावं. गेल्या वर्षी याच महिन्यात ‘विवाहितेचा छळ’ म्हणून छापलेल्या प्रकरणांचं पुढे काय झालं, ते न्यायालयातून विचारून तालुकावार लिहावं, जसे केळीचे भाव लिहितात. बाईची ओळख झाकायची असेल तिथे झाकावी. पैसे कुणी मागितले, दोषारोपपत्र कधी गेलं, निकाल लागला का, एवढंच त्यात असावं, आणि ज्या घरात खून झाला तिथे ‘संशय’ हा शब्द आरोपीचा जबाब म्हणून, अवतरणचिन्हांत, शेवटच्या ओळीत यावा.