आरेच्या कडेचा प्रॉक्सी

संध्याकाळचे सात वाजले की होस्टेलवरून फोन सुरू व्हायचे. "सर, नेट रांगतंय." मरोळच्या बाजूला आरे कॉलनीचं कुंपण जिथे संपतं, तिथल्या एका शिक्षणसंस्थेचं नेटवर्क मी काही वर्षं सांभाळलं. सर्व्हर रूमच्या खिडकीतून झाडी दिसायची, वारा फिरला की गोठ्यांचा वास यायचा, आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर स्क्विड चालायचं.

स्क्विड म्हणजे साठा करणारा प्रॉक्सी. एकाने मागितलेली फाइल जवळ ठेवायची आणि दुसऱ्याने तीच मागितली की बाहेर न जाता तिथूनच द्यायची. आरेत हे समजावून सांगावं लागत नाही. १९४९ साली दारा खुरोडींच्या पुढाकाराने मुंबई शहरातल्या म्हशी इथे आल्या, पण दूध घ्यायला दादरचा माणूस काही गोरेगावला येत नसे. ते त्याला नाक्यावरच्या आरे केंद्रावर मिळे.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत डुएन वेसल्स यांनी हार्वेस्ट प्रकल्पाच्या कोडमधून स्क्विड बाहेर काढलं. परदेशी लाइन महाग आणि अरुंद होती, त्यामुळे आपल्या संस्थांना ते फार सोयीचं पडलं. शेजारच्या पवईच्या आयआयटीत शिकलेल्या कित्येकांना ‘नेटमॉन’ हे नाव अजून आठवत असेल. ब्राउझरमध्ये त्या प्रॉक्सीचा पत्ता भरल्याशिवाय बाहेरचं जग उघडत नसे. स्क्विड फुकट मिळतं आणि सहज बसतं. त्याच्या सेटिंगबद्दलचे गैरसमजही तितक्याच सहज पसरतात. त्यातले बरेचसे मी स्वतः बाळगून होतो.

"कॅश मेममध्ये जो आकडा लिहू, तेवढीच मेमरी स्क्विड खाईल."

माझी फजिती इथेच झाली. मशीनची रॅम ८ जीबी. नवीन डिस्क ५०० जीबीची आली होती, ती सगळी साठ्याला दिली. कॅश मेम ६ जीबी लिहिलं आणि दोन जीबी बाकीच्या कामाला राहिली या समाधानात घरी गेलो. पहिले काही दिवस नेट असं पळालं की होस्टेलच्या सेक्रेटरीने चहा पाजला. चौथ्या आठवड्यात मशीन गुडघ्यावर आलं. टॉप कमांड लावून बघतो तर स्क्विडचा आकार ८ जीबीच्या पार पुढे गेलेला, स्वॅप भरत चाललेला आणि डिस्कचा लाल दिवा विझायलाच तयार नाही.

कॅश मेम ही प्रोग्रॅमच्या एकूण मेमरीवरची मर्यादा नाही. येता-जाता हातात असलेल्या आणि वारंवार मागितल्या जाणाऱ्या फाइली ठेवायला दिलेली ती जागा आहे. त्याखेरीज डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची एक नोंद स्क्विड कायम रॅममध्ये बाळगतं. मागणी आली की माल गोदामात आहे की नाही, हे डिस्कला न विचारता कळावं म्हणून. स्क्विडवाल्यांचा जुना ठोकताळा असा: सरासरी फाइल १३ केबीची धरली तर ६४ बिटच्या मशीनवर डिस्कच्या दर जीबीमागे साधारण १४ एमबी रॅम. एका जीबीत अशा ८० हजारांच्या आसपास फाइली मावतात, म्हणजे एका नोंदीला सुमारे १८० बाइट. नोंद चिमुकली, पण माझ्या ५०० जीबीत अशा चार कोटी नोंदी होणार होत्या. ५०० गुणिले १४ म्हणजे ७,००० एमबी. त्यात कॅश मेमचे ६ जीबी मिळवा. तेरा जीबीचा संसार मी आठ जीबीच्या खोलीत मांडायला निघालो होतो.

आणि हे पहिल्या दिवशी का कळलं नाही? नोंदवही साठ्याबरोबर वाढते. डिस्क रिकामी असते तेव्हा वहीही कोरी असते. म्हणून हा आजार बदल केल्यानंतर कित्येक दिवसांनी उठतो, आणि तोवर आपण काय बदललं होतं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडे तर दोष सरळ लाइन देणाऱ्या कंपनीवर ढकलून झाला होता.

"मग रिकामी रॅम वाया जाते की!"

नाही जात. स्क्विडने न घेतलेली रॅम लिनक्स डिस्कवरून नुकत्याच वाचलेल्या भागांसाठी वापरतं. ती शेवटच्या घासापर्यंत ओरबाडून कॅश मेमला दिली तर एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात जातात. वर मशीन स्वॅपमध्ये जायचा धोका. स्क्विडच्या माहितीपानावर ‘पेज फॉल्ट्स विथ फिजिकल आयओ’ अशी एक ओळ असते. तो आकडा गर्दीच्या वेळी भराभर चढत असेल तर रॅम कमी पडते आहे, बाकी काही शोधत बसू नये.

"डिस्क दुप्पट केली की फायदाही दुप्पट."

हा गैरसमज खरेदी विभागाचा लाडका, कारण डिस्कचं बिल डोळ्यांना दिसतं. १९९९ साली ली ब्रेस्लाव, पेई काओ आणि सहकाऱ्यांनी प्रॉक्सींच्या नोंदी तपासून दाखवलं की थोड्याच पानांना प्रचंड मागणी असते आणि उरलेल्यांची शेपटी लांबच लांब. परिणामी साठा वाढवत नेला तरी ‘हिट’चं (साठ्यातूनच भागलेल्या मागण्यांचं) प्रमाण लॉगरिदमच्या हिशेबाने, म्हणजे रखडतच वाढतं. आरे केंद्रावर बाटल्यांचे दहा क्रेट जास्त उतरवले म्हणून गल्लीतली माणसं वाढत नाहीत.

डिस्कच्या बाबतीत आकारापेक्षा तिचा वेग आधी संपतो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. डोकं योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ. बेरीज करा. विखुरलेल्या बारीक फाइली अशी डिस्क सेकंदाला फार तर ७५ ते १०० वेळा उचलू-ठेवू शकते, मग ती ५०० जीबीची असो की चार हजार. होस्टेलवरची चारशे पोरं एकदम बसली की ही मर्यादा आधी लागते.

साठ्याची जुनी, ‘यूएफएस’ नावाची पद्धत तर आणखी घात करते. डिस्क उत्तर देईपर्यंत अख्खं स्क्विड हात बांधून उभं राहतं. ‘एयूएफएस’मध्ये हे काम वेगळ्या धाग्यांकडे जातं. कॉन्फिगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि आमच्याकडे संध्याकाळचे फोन निम्मे झाले ते बहुतांशी त्याने. एसएसडी असेल तर हे डोक्याचं गणित उरत नाही, वहीचं मात्र उरतंच.

"रेड-फाइव्ह लावा, डेटा सुरक्षित राहील."

कशाला? एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून ही व्यवस्था असते, पण साठ्यातली प्रत्येक फाइल मूळ जागी आहेच, गेली तर पुन्हा आणता येते. त्या सुरक्षिततेपायी एका बारीक लिखाणाला जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं पडतात. दोन डिस्का असतील तर दोन स्वतंत्र साठे करावेत. डिस्क काठोकाठही भरू देऊ नये. स्क्विड ठरलेल्या आकाराच्या ९० टक्क्यांच्या पुढे जुना माल काढायला लागतं आणि ९५ टक्क्यांना घाई करतं. पण तो आकारच पार्टिशनएवढा लिहिला तर त्या घाईचा काही उपयोग होत नाही.

"ट्यूनिंग नीट केलं की अर्धा ट्रॅफिक साठ्यातून सुटेल."

२००० साली असं म्हणणं चालून गेलं असतं. आता बहुतेक सगळी पानं एचटीटीपीएसवरून येतात. प्रॉक्सीला दिसतो तो फक्त बंद बोगदा, त्यातला माल त्याला उघडता येत नाही, मग साठवणार काय? व्हिडिओ आणि सोशल मीडियासाठी रॅमचे आकडे फिरवत बसण्यात अर्थ नाही.

उबुंटू-डेबियनची पॅकेजं मात्र अजूनही साध्या एचटीटीपीवरून घेता येतात. त्यांच्या खरेपणाची खात्री डिजिटल सहीवरून होते. साठ संगणकांची लॅब एकाच दुपारी अपडेट करायची असेल तर प्रॉक्सी पैसे वसूल करतो. फक्त एक अडचण आहे: डिस्कवर ठेवायच्या फाइलची कमाल मर्यादा मुळात ४ एमबी असते, आणि मोठी पॅकेजं त्याहून जड. ती दर वेळी बाहेरूनच येतात आणि लॉगमध्ये ‘मिस’, ‘मिस’ दिसत राहतं. मर्यादा वाढवून ती ओळ साठ्याची जागा सांगणाऱ्या कॅश डिरच्या ओळीच्या वर लिहायची. खाली लिहिली तर कित्येक आवृत्त्यांमध्ये ती त्या साठ्याला लागूच होत नाही. माझी एक अख्खी दुपार या खाली-वरमध्ये गेली आहे.

"अडकलं की साठा पुसा, हलकं होईल."

आरेत जुलै-ऑगस्टमध्ये फांदी तारेवर पडली की वीज जायची, आणि यूपीएस दमला की स्क्विडही धाडकन पडायचं. परत उठताना ते ‘स्वॅप डॉट स्टेट’ या फाइलवरून नोंदवही पुन्हा मांडतं. तेवढा वेळ सगळं संथ वाटतं. अशा वेळी एका उत्साही सहकाऱ्याने नेमकी तीच फाइल ‘कचरा’ म्हणून उडवली. मग स्क्विड डिस्कवरची एकेक फाइल उघडून बघत बसलं, सेकंदाला शंभरच्या आतबाहेर.

पुढे आम्ही साठा ६० जीबीवर आणला आणि कॅश मेम २ जीबीवर. वहीला ८४० एमबी धरले तरी एकूण तीन जीबीच्या आत, बाकी रॅम लिनक्सला मोकळी. त्याच पावसाळ्यात वीज पुन्हा गेली. जनरेटर सुरू झाला, चहा घेऊन वर येईपर्यंत नोंदवही मांडून झाली होती. डिस्कवरची उरलेली ४४० जीबी जागा लेखा विभागाने बॅकअपसाठी मागून घेतली.