मिलफर्डला पाऊस लागला? मग तर कॅमेरा काढाच!

न्यूझीलंडच्या मिलफर्ड साउंडला वर्षाकाठी साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. फोटोग्राफी टूरवर आलेले बरेच जण ढग बघून हिरमुसतात. मला मात्र इथला पाऊसच जास्त आवडतो! हिमनद्यांनी कोरलेल्या या फियॉर्डच्या उभ्या कड्यांवर माती जेमतेमच. त्यामुळे जोराची सर आली की बघता बघता चहूबाजूंनी धबधबे सुटतात, आणि पाऊस थांबला की त्यातले बरेचसे आटूनही जातात. ओल्या खडकांची चकाकी कमी करायला पोलरायझर लावा, पण तो फिरवून बघा, नाहीतर पाण्यातलं प्रतिबिंबही पुसलं जाईल.

१,६९२ मीटर उंचीचं माइटर पीक थेट पाण्यातून वर चढतं. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उथळ डबकी राहतात. ट्रायपॉड अगदी खाली बसवा, अख्खं शिखर त्यात उतरतं. पहाटे बहुधा वारा पडलेला असतो, म्हणून चांगला गाइड ‘ते आनाऊ’ या गावाहून अंधारातच गाडी काढतो. रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा. वाटेत होमर बोगद्यापाशी किआ पोपट भेटतात. गाडीचं रबरही कुरतडतात, तेव्हा बॅगेची चेन लावून ठेवा आणि त्यांना खायला मुळीच घालू नका. इथल्या सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या कडकडून चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.