बीडच्या स्टेशनावर कोण उतरलं?



आज सुरुवातीलाच एक चूक कबूल करते. चूक माझीच आहे, तेव्हा हसलात तरी चालेल!

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी मराठवाडा मुक्तिसंग्रामावर एक छोटं नाटक लिहिलं. काळ १९४८ चा. पहिल्याच प्रवेशात झुकझुक आवाज, शिट्टी, पुठ्ठ्याचं काळं इंजिन, आणि बीडच्या स्टेशनावर उतरणारा तरुण कार्यकर्ता. टाळ्या काय पडल्या म्हणता! नाटक संपल्यावर एका विद्यार्थ्याचे आजोबा काठी टेकत माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, नाटक लई झ्याक झालं. पर बीडात गाडी कव्हा आली व्हती? आमचा बाप जालन्याला गाडी धरायला बैलगाडीनं जायाचा, वाटंत मुक्काम करीत."

मी गप्पच झाले. खरंच की! बीड शहरात १९४८ साली रेल्वे नव्हतीच. मग ते स्टेशन मी कुठून आणलं? टीव्हीवरच्या मालिकांमधून! जुना काळ म्हटलं की आगगाडी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की, विचारायचं सुचलंच नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली. मालिकेत वाफेची गाडी आली की, मी नायकाकडे न बघता गाडीकडे बघते. तुम्हीही बघा. चुका कशा पकडायच्या, ते सांगते.

पहिली खूण डोक्यावर. रुळांच्या वर विजेच्या तारा दिसतात का? आपल्या देशात विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. म्हणजे लोकमान्य टिळकांच्या काळातल्या प्रसंगात वर तारा दिसल्या, तर चोर सापडला!

दुसरी खूण इंजिनाच्या तोंडावर. गोल, पुढे निमुळतं होत गेलेलं तोंड आणि त्यावर मोठी चांदणी, असं रुबाबदार इंजिन तुम्ही चित्रात पाहिलं असेल. त्याचं नाव 'डब्ल्यूपी'. ही जात आपल्याकडे आली १९४७ साली. आता काकोरीचा प्रसंग घडला ९ ऑगस्ट १९२५ रोजी. त्या प्रसंगात हे इंजिन दिसलं, तर ते जन्माआधीच धावलं म्हणायचं!

तिसरी खूण कानांनी ओळखायची. वाफेच्या इंजिनाची भकभक चाकांशी बांधलेली असते. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाचा एक फेरा झाला की, चार भकभक होतात. गाडी हळू, तर भकभक हळू. गाडी वेगात, तर भकभक वेगात. पडद्यावर गाडी गोगलगायीसारखी निघते आणि आवाज मात्र धावत्या गाडीचा येतो, असं झालं की समजा, आवाज नंतर चिकटवलाय.

चौथी गंमत. नायक थंड इंजिनात उडी मारतो, एक दांडा ओढतो आणि गाडी सुसाट! असं होत नाही बरं का. आधी भट्टी पेटवायची, बॉयलरमधलं पाणी तापवायचं, वाफेचा दाब वाढू द्यायचा. थंड इंजिन तयार व्हायला कित्येक तास लागतात. तोपर्यंत खलनायक जेवून झोपलासुद्धा असेल!

आणि डब्यावर काय लिहिलंय तेही वाचा. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. त्याआधीच्या गोष्टीत गरीब माणूस तिसऱ्या वर्गातच बसलेला दिसायला हवा.

आता आपल्या मराठवाड्याची खास खूण. ती म्हणजे रुळांमधलं अंतर. मनमाडहून जालन्यावरून हैदराबादकडे जाणारी निजामाच्या काळातली गाडी मीटरगेजवर धावायची. तिकडे बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. तिचे रूळ तर आणखी अरुंद. आपल्या जिल्ह्यातल्या परळीला परभणीकडून मीटरगेज यायची आणि विकाराबादकडून ब्रॉडगेज. दोघींचे रूळ वेगळे, म्हणून एकीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा. केवढी धांदल उडत असेल! पण जालन्यात घडणाऱ्या १९४८ च्या प्रसंगात रुंद रूळ दाखवले की, हे सगळं पुसलं जातं.

मग मालिकावाले मुद्दाम चुकतात का? नाही हो. चालू स्थितीतली वाफेची इंजिनं आता देशात मोजकीच उरलीत. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमधलं 'अकबर' हे इंजिन बऱ्याच चित्रपटांत झळकलंय. पण ते बनलं १९६५ साली. जे मिळतं त्यावर भागवावं लागतं. इंजिन चुकलं तर मी एक वेळ माफ करीन.

पण जिथे गाडी नव्हती तिथे गाडी दाखवणं ही चूक मोठी. का, सांगू? माझ्या नाटकातला कार्यकर्ता आरामात स्टेशनावर उतरला. खऱ्या माणसांनी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, पायपीट केली. त्यांचे ते कष्ट माझ्या पुठ्ठ्याच्या इंजिनानं एका शिट्टीत उडवून लावले. आजोबांना तेच खुपलं होतं. पुढच्या वर्षी मी नाटक बदललं. कार्यकर्ता बैलगाडीतून आला. टाळ्या जरा कमी पडल्या, पण आजोबा पहिल्या रांगेत बसून हसत होते.

अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली. २०२२ च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनीच, बीडच्या स्टेशनावरून पहिली प्रवासी गाडी सुटली!

आता दोन कामं तुमच्याकडे. पहिलं, शाळेच्या मैदानावर खडूनं रुळांच्या तीन जोड्या आखा. अंतर १६८ सेंटिमीटर, १०० सेंटिमीटर आणि ७६ सेंटिमीटर. मधे उभे राहा, म्हणजे फरक पायांना कळेल. दुसरं, बीडच्या त्या पहिल्या गाडीचा दिवस ज्यांनी पाहिला, त्यांना गाठा. डबे कोणत्या रंगाचे होते? इंजिन कसलं? गर्दी किती? सगळं वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या दिवसावर मालिका काढील. तेव्हा काठी टेकत जाऊन "अहो, गाडी अशी नव्हती!" असं सांगायला कोणीतरी हवं ना? ते तुम्ही असाल.