जुन्या तंबोऱ्याची तब्येत

जुना तंबोरा दुरुस्तीला येतो तो बहुधा गवसणीत, तारा सैल सोडून. गवसणी उघडली की बंद लाकडाचा आणि लाखेचा मिसळलेला वास येतो. मिरजेच्या सितारमेकर गल्लीतला जाणता कारागीर तो लगेच छेडत नाही. तंबोरा आडवा मांडीवर घेऊन बोटाच्या पेराने भोपळ्यावर ठिकठिकाणी टिचक्या मारतो. भोपळा अखंड असेल तर नाद भरून येतो. तडा असेल तिथे तो बसका पडतो. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला आधी सापडते.

या गल्लीचे मूळ शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, या घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्ये बनवण्याकडे वळले. आज त्यांच्या घराण्यातली सातवी पिढी हे काम करते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते 2024 मध्ये.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. त्यावर लाकडाची तबली बसते, वर पोकळ दांडी, आणि दोहोंना जोडणारा गुल. सगळ्यांत जास्त दुखणी या जोडावरच निघतात. तुलनेसाठी गिटार घ्या: बारा तारांच्या गिटारवर तारांचा ताण शंभर किलोहून अधिक असतो. त्यामुळे जुन्या गिटारची मान पुढे झुकते आणि घोडीमागची फळी फुगते. तंबोऱ्याला बहुधा चारच तारा, ताण पुष्कळ कमी. म्हणून तो ताणापेक्षा हवेने आणि आपटण्याने अधिक खचतो. वेरूळ, संभाजीनगरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, सांधे उकलतात. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, तारांना गंज धरतो.

तडा सांधणे, खुंट्या घासून बसवणे, तारा बदलणे ही कामे नेमाची. कसब लागते ते जवारीला. तार तंबोऱ्याच्या रुंद, किंचित उताराच्या घोडीवरून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवला की एका ठरावीक जागी तार घोडीला अलगद घासत कंप पावते. त्यातून एका स्वराभोवती अनेक स्वर उमलतात. वर्षानुवर्षांच्या वापराने घोडीत तारेची खाच पडते. मग धागा कुठेही ठेवला तरी आवाज मुका राहतो.

अशी घोडी कानशीने केसभर घासायची, तार चढवायची, ऐकायची. उतरवून पुन्हा केसभर. किती घासायचे याचे माप कुठल्याही पट्टीवर नाही. केसभर जास्त गेले तर उतार बिघडतो आणि घोडीच बदलावी लागते. जुन्या घोड्या हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या असत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांनी तो व्यापार थांबला. आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. तरीही हस्तिदंताची घोडी असलेला एखादा जुना तंबोरा आला, की तो हातात घेताना कारागिराचा हात मंदावतो.

मालकाला बऱ्याचदा तंबोरा नव्यासारखा चकचकीत हवा असतो. ही मागणी वाद्याच्या हिताची नाही. जुने पॉलिश खरवडताना तबलीचे लाकूडही थोडे जाते, आणि पातळ तबलीत तेवढ्याने आवाज बदलतो. नवा जाड थर तर नादाला दाबतो. काळवंडलेली नक्षी किंवा पुसट झालेली वेलबुट्टी आवाजाच्या आड येत नाही. ती पुसून, कोरडी करून तशीच ठेवलेली बरी. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे दफनही तिथेच झाले. वाद्यदुरुस्तीची जाण असलेल्या या गायकाच्या गावात चकाकीपेक्षा सुरेलपणाला मोल असणे साहजिक आहे.

शेवटी प, सा, सा आणि खर्जाचा सा अशा तारा जुळवल्या जातात. नव्या तारा ताणल्या जात राहतात, सूर उतरतो. म्हणून तंबोरा काही दिवस दुकानातच भिंतीशी टेकून उभा असतो. कारागीर रोज त्याच्या खुंट्या पिळतो, बारीक जुळणीसाठी तारेतले मणी सरकवतो, धागा केसभर मागेपुढे करतो. सूर टिकायला लागला की प्रवासासाठी तारा पुन्हा सैल करून तंबोरा गवसणीत घातला जातो.